एकाच शहरात किती हवा?

कापूरकाडी | सोमवार, रात्री ९:४०

चेंबूरला राहते. मुलाला दम्याचा त्रास आहे म्हणून दिवाळीच्या आधी एअर प्युरिफायर घेतला आणि त्याच ऑर्डरमध्ये हवा मोजायचं एक छोटं मीटर. मुठीत मावेल एवढं. आकडे दाखवतं, पण मी बघते तो त्यावरचा दिवा. हिरवा, पिवळा, लाल, आणि त्याच्याही पुढे जांभळा.

आठवडाभर ते हातात घेऊन वेड्यासारखी फिरले. दारं-खिडक्या लावून प्युरिफायर चालू असलेली बेडरूम : हिरवा. बाल्कनी : पिवळा. खाली गेटवर, वॉचमनकाकांच्या खुर्चीपाशी : लाल. समोरच्या दोन जुन्या इमारती पाडून रिडेव्हलपमेंट चालू आहे, दिवसभर डंपर ये-जा करतात, आणि आमचा जनरेटरही काकांच्या पाठीशीच. त्यांची ड्यूटी बारा तासांची. मी गेटमधून जाते तो वेळ धरला तर दिवसाला चार मिनिटं. पेपरात मात्र आम्हा दोघांचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, एकच छापून येतो.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गोवंडीला राहतात, बैंगनवाडीत. हे काय आहे असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, एक रात्र घेऊन जा, बघा तुमच्याकडे काय दाखवतं. दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून परत आणलं. चेहरा पडलेला. म्हणाल्या, "ताई, मी काही केलं नाही हां. पोरांना हातसुद्धा लावू दिला नाही. पण बिघडलं वाटतं, जांभळ्याच्या खाली येतच नाही."

ओट्यावर ठेवलं. दोन-तीन मिनिटांत लाल, मग पिवळा, मग हिरवा. दोघी बघत राहिलो. मग त्यांनी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

तर प्रश्न : तुमच्या शहरात कोणाच्या वाट्याला कुठली हवा येते? आणि सोसायटी म्हणून आपण काही करू शकतो का? ("प्युरिफायर कुठला घ्यावा" यासाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडे.)

टिकलूशेठ | सोमवार, रात्री ९:५२

मीटर गॅसजवळ ठेवून फोडणी टाका. आमच्याकडे हिंग-मोहरीला थेट जांभळा. बायकोने त्याच दिवशी मीटर माळ्यावर टाकलं. हलकेच घ्या.

मंजिरी_म | सोमवार, रात्री १०:०५

टिकलूशेठ, विनोद नाही तो. फोडणीने खरंच वाढतं. तुम्ही मीटर माळ्यावर टाकलंत, एक्झॉस्ट फॅन लावलात का?

टिकलूशेठ | सोमवार, रात्री १०:०७

😶

खडीवाळू | सोमवार, रात्री ११:१५

दोन गोष्टी, एक तुमच्या विरोधात आणि एक बाजूने.

विरोधात : ही स्वस्त मीटरं लेझरचा उजेड कणांवर कसा विखुरतो यावरून अंदाज बांधतात. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि मीटर जास्त दाखवतं. त्यामुळे आकड्याला फार चिकटू नका.

बाजूने : एकच मीटर, एकाच दिवशी, दोन ठिकाणी नेलं तर मधला फरक बऱ्यापैकी खरा असतो. आणि पेपरातला एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर निघतो, तोही त्या केंद्राच्या जागेवरचा. तुमच्या गेटवरचा नव्हे. ते मोजमाप शहराची तब्येत सांगायला ठीक आहे, वॉचमनकाकांची नाही.

मी स्वतः साइटवर असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियम काढले : मोठ्या कामांना ३५ फुटी पत्रे, ओली हिरवी जाळी, पाण्याचे तुषार मारून धूळ बसवणारी स्मॉग गन, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकं धुणे. कागदावर उत्तम आहेत. पण पत्रे कोणासाठी असतात बघा : धूळ बाहेर जाऊ नये म्हणून. आत कोण आहे? नाक्यावरून उचललेला बिगारी, आणि त्या पत्र्याच्या आतच झोपडी घालून राहणारं त्याचं कुटुंब. शेजारच्या सोसायटीची तक्रार आली की आम्ही पत्रे वाढवतो. आतल्या माणसाची तक्रार आजवर माझ्याकडे आलेली नाही. मुकादम म्हणतो, तोंडाला गमछा बांधा.

श्वासोच्छ्वास | मंगळवार, सकाळी ७:३०

छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

हवेत किती घाण आहे हा झाला अर्धा हिशेब. उरलेला अर्धा म्हणजे ती हवा तुम्ही किती वेळ आणि किती जोराने आत ओढता. खुर्चीत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो. सिमेंटची पाटी डोक्यावर घेऊन जिना चढणारा ४० लिटरच्या वर जातो, आणि नाक पुरत नाही म्हणून तोंडाने घेतो, म्हणजे नाकाची गाळणीही गेली. एकाच जागी उभे असलेले इंजिनीअर आणि बिगारी, दोघांच्या फुप्फुसात जाणारा माल सारखा नाही. (खडीवाळू, तुम्हाला टोमणा नाही.)

दुसरं, झाडूवाल्यांची वेळ. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, म्हणजे शहरावर झाकण बसल्यासारखं होतं. धूर-धूळ वर जात नाही. नेमक्या त्याच वेळी कोरड्या रस्त्यावर झाडू चालतो. मॉर्निंग वॉकवाल्यांना मी थंडीत उशिरा जा म्हणून सांगतो. झाडूवाल्याला काय सांगू?

पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिबारीक कण, त्यांचा आपल्या देशाचा वार्षिक मापदंड घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ पासून ५. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत माझी ओपीडी भरते.

सुशेगात_दादरकर | मंगळवार, सकाळी ९:१०

धाग्याचा सूर पटला नाही. हवा काय खिसा बघून येते का? बीकेसीचा (वांद्रे-कुर्ला संकुल) एक्यूआय बघा, मुंबईतल्या सगळ्यात महाग जागेत हवा अनेकदा भिकार असते. कुलाब्याला नेव्हीनगरचे आकडेही थंडीत लाल झालेले आहेत. उगाच प्रत्येक गोष्टीत श्रीमंत-गरीब आणायचं. आणि कचरा, टायर, प्लास्टिक जाळतं कोण, हेही लिहा की.

कापूरकाडी | मंगळवार, सकाळी ९:४५

बीकेसीचं मान्य. पण बीकेसीत काम करणारे काचेच्या आत, एसीत, आणि तिथे बाहेर उभे असतात ते डिलिव्हरीवाले आणि सिक्युरिटीवाले. तिथली हवासुद्धा वाटूनच घेतली जाते.

शेकोटीचं म्हणाल तर आमचे वॉचमनकाका गेल्या जानेवारीत पेटवायचे. सोसायटीने नोटीस काढली. का पेटवता, असं कोणी विचारलं नाही. केबिनला दार नव्हतं.

आबाजी_चेंबूर | मंगळवार, दुपारी १:२०

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलात ना? त्यात मुंबईचा अर्धा नकाशा आहे.

दिवसा वारा समुद्रावरून येतो, पश्चिमेकडून पूर्वेला. ज्याला परवडलं त्याने समुद्राकाठी घर केलं. जे नकोसं होतं ते पूर्वेला गेलं. देवनारचं डम्पिंग १९२७ पासून. १९५० च्या दशकात तुर्भे (ट्रॉम्बे)-माहुलला रिफायनऱ्या आल्या, मग खताचा कारखाना. आम्ही चेंबूरचे लोक तेव्हापासून आमच्या गावाला "गॅस चेंबर" म्हणत आलो, ते काही वर्तमानपत्रवाल्यांनी शिकवलेलं नाही. रात्री सडक्या अंड्यासारखा वास आला की आई उठून खिडक्या लावायची आणि म्हणायची, "सोडला मेल्यांनी."

आता दादरकरांसाठी. रात्री वारा उलटतो. मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. पूर्वेचा धूर तेव्हा तुमच्याकडेही येतो, थंडीत जास्त. म्हणजे तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण आमच्याकडचं जेवण आणि तुमच्याकडे जाणारा वास, एवढाच फरक.

जानेवारी २०१६ ला देवनार पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा चार दिवस सगळ्या मुंबईला देवनार कुठे आहे ते कळलं. आणि गोवंडीतली रुग्णालयांचा कचरा जाळण्याची भट्टी, सगळ्या शहराच्या पट्ट्या, सुया, रक्ताचे बोळे. लोक कोर्टात गेले, उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती दोन वर्षांत हलवायला सांगितलं. कुठे? रायगड जिल्ह्यात, खालापूरला. तिथे माणसं राहत नाहीत बहुतेक.

मंजिरी_म | मंगळवार, दुपारी २:०५

आबाजी, शेवटचं वाक्य 👏

माहुलवर कोणीतरी लिहायला हवं. तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनलगतच्या झोपड्या हटवल्या आणि त्या लोकांना "पक्कं घर" म्हणून माहुलला नेलं, रिफायनऱ्यांच्या भिंतीशी. तेही कधी, तर २०१५ मध्ये हरित लवादाने तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असं स्पष्ट म्हटल्यावर! शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांना तिथे जायची सक्ती करू नका, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० अनामत द्या.

माझी मैत्रीण तिथे मुलांची शिकवणी घ्यायची. तिच्याकडच्या एका मुलाने चित्रात आकाश रंगवलं, त्यात सूर्य, डोंगर, आणि डोंगराच्या टोकावर ज्योत. तिला वाटलं मंदिर असेल. ती रिफायनरीची चिमणी होती.

नळस्टॉप_निवासी | मंगळवार, दुपारी ४:३०

पुण्याची हवा उत्तमच आहे. बाहेरून आलेल्यांनी ती बिघडवली, एवढंच.

टिकलूशेठ | मंगळवार, दुपारी ४:३१

आलाच तो. दुपारी १ ते ४ झोप झाली वाटतं.

नळस्टॉप_निवासी | मंगळवार, दुपारी ४:५०

झाली. आता गंभीर. पुण्यात वाटणी गाडीवरून होते. चारचाकीवाला काच वर करून हवा आतल्या आत फिरवतो. मागे दुचाकीवर बाई, पुढे उभं केलेलं पोर, त्याचं नाक बरोबर समोरच्या टेम्पोच्या धुराड्याच्या उंचीवर. आमच्याकडच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात, बाहेरच्यांना त्याचं हसू येतं. पण डॉक्टरसाहेब, त्याचा उपयोग होतो का?

श्वासोच्छ्वास | मंगळवार, सायंकाळी ६:१०

उन्हासाठी आणि मोठ्या धुळीसाठी होतो. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट बारीक कण, ते कापडाच्या विणीतून आरामात जातात. त्याला एन ९५च लागतो, तोही गालाला घट्ट बसलेला. दाढीवाल्यांना नीट बसत नाही.

घुग्घुसकर | मंगळवार, रात्री ८:००

चंद्रपूर जिल्ह्यातून लिहितोय. तुमची भांडणं वाचून गंमत वाटून राहिली. आमच्याकडे समता आहे, सगळ्यांचीच चादर काळी.

पण नाही, आमच्याकडेही वाटणी आहेच. २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंट. अधिकाऱ्यांच्या वसाहतीत झाडं लावलेली, रस्त्यावर पाणी मारलेलं. कोळशाचे ट्रक जातात ते मात्र वस्तीतून. माझी आई कपडे वाळत घालायच्या आधी दोरी पुसते. ओल्या फडक्याने, रोज. फडकं काळं होतं, ते धुते, मग कपडे घालते. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा होस्टेलची दोरी पुसायला गेलो, पोरं हसली.

त्या केंद्राच्या विजेवर तुमचे प्युरिफायर चालतात हे लक्षात असू द्या. भांडण नाही, फक्त सांगून राहिलो.

यमुनापारचा | मंगळवार, रात्री ९:३५

घुग्घुसकर, वाचून गप्प झालो.

दिल्लीत १४ वर्षं आहे. इथे हवा बिघडली की ग्रॅप लागतो, म्हणजे टप्प्याटप्प्याने बंदी. शाळा ऑनलाइन, ऑफिस घरून, बांधकाम बंद. पहिल्या दोन गोष्टी आमच्यासारख्यांना सुट्टीसारख्या. तिसरीत मजुराची रोजी जाते. हवा बिघडल्याचा त्रास त्याला, आणि ती सुधारायचा खर्चही त्याच्याच खिशातून. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बांधकाम कामगारांच्या उपकराचे पैसे पडून आहेत, त्यातून यांना भत्ता द्या. पण ज्याची नोंदणीच नाही त्याला कुठला भत्ता? आमच्या गल्लीत प्लास्टर करणारा एकजण त्या आठवड्यात सिग्नलवर फुगे विकत होता. एक्यूआय ४०० च्या वर, आणि हा तोंडाने फुगे फुगवतोय.

खडीवाळू | मंगळवार, रात्री ९:५०

हेच लिहिणार होतो. काम बंद ठेवणं हा उपाय नव्हे, काम ओलं ठेवणं हा आहे. पाणी मारायला एक टँकर आणि एक माणूस जास्त लागतो, बास.

सुशेगात_दादरकर | मंगळवार, रात्री १०:२०

ठीक आहे, काही मुद्दे पटले. पण मग पावाचं काय? जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर जायला सांगितलं. आमच्या बेकरीवाल्याने लगेच पाव महाग केला. आणि चव गेली ती वेगळीच.

टिकलूशेठ | मंगळवार, रात्री १०:२२

वडापावला हात लावाल तर मी रस्त्यावर उतरेन. मास्क लावून.

मंजिरी_म | मंगळवार, रात्री १०:४०

दादरकर, कधी त्या बेकरीच्या माळ्यावर गेलात का? मी गेलेय, कॉलेजच्या एका पाहणीसाठी. भट्टीच्या वर पोटमाळा, तिथेच कामगार झोपतात. उशीचे अभ्रे राखाडी. गावाहून आलेली विशीतली मुलं, रात्री दोनला उठून पीठ मळणारी. तुमच्या पावाची चव ती मुलं आधी फुप्फुसात घेतात. एक रुपया जास्त देईन मी.

नाक_मुरडे | मंगळवार, रात्री ११:३०

फटाक्यांवर कोणी बोलत नाही ते बरंय. फक्त एकाच धर्माच्या

संपादक मंडळ | मंगळवार, रात्री ११:४४

वरील प्रतिसाद अर्धा ठेवून बाकीचा उडवला आहे. फटाक्यांवर तीन धागे आधीच कुलूपबंद आहेत, चौथं कुलूप शिल्लक नाही.

रेनकोट | बुधवार, पहाटे ३:१५

लंडनहून. इथेही हेच. २०१३ मध्ये एला अडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी दम्याने गेली. लुइशम भागात, गजबजलेल्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहायची. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. इतकी वर्षं लागली, एक शब्द कागदावर यायला.

पुढे २०२३ मध्ये जुन्या गाड्यांवरचं शुल्क अख्ख्या लंडनला लागू झालं तेव्हा सर्वात मोठी ओरड कोणाची? जुन्या व्हॅनवर पोट असलेल्या प्लंबर-सुताराची. श्रीमंताने इलेक्ट्रिक गाडी आधीच घेतली होती. मी शुल्काच्या बाजूने आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या प्लंबरशी वाद घालायची हिंमत झाली नाही.

आबाजी_चेंबूर | बुधवार, सकाळी ६:५०

आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर "हवा" असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. "हृदयक्रिया बंद पडून" लिहितात. ती सगळ्यांचीच पडते.

कापूरकाडी | रविवार, रात्री ८:३०

उशिरा येतेय, सगळ्यांचे आभार. आज सोसायटीची मीटिंग झाली, मीटर घेऊन गेले होते. आधी सेक्रेटरी म्हणाले, "वॉचमन तक्रार करत नाही, तुम्ही कशाला?" मग मी सगळ्यांना खाली गेटवर नेलं आणि जनरेटर लावायला सांगितला. जांभळा. कोणी काही बोललं नाही. केबिन आतल्या बाजूला हलवायची, तिला दार करायचं, जनरेटरचं धुराडं वर न्यायचं, एवढं मंजूर. समोरच्या बिल्डरला पाणी मारण्याबद्दल पत्र. मुद्दे खडीवाळूंच्या प्रतिसादातून उचलले, परवानगी न घेता.

काकांना एन ९५ दिले. दोन दिवसांत नाकाखाली आले. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, गाडी मागं घेताना शिट्टी कशी वाजवू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टिकलूशेठ | रविवार, रात्री ८:४१

हात दाखवून. आमच्याकडचा तसंच करतो. गाड्या थोड्या ठोकल्या जातात, पण चालायचंच.

कापूरकाडी | रविवार, रात्री ८:५५

मावशींसाठी मात्र काही सुचत नाहीये. मीटर त्यांनी परत मागून नेलं होतं, तीन रात्री. शिकलेल्या नाहीत, पण मुलाकडून वेळा लिहून घेतल्यात. संध्याकाळी सात ते नऊ वाईट, मग जरा बरं, रात्री दोननंतर पुन्हा वाईट, तेव्हा जळका वास येतो. काल विचारत होत्या, "ताई, मग राती दार लावू का उघडं ठेवू?" दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, खिडकी नाही. पाच माणसं. डॉक्टर, काय सांगू?

श्वासोच्छ्वास | रविवार, रात्री ९:२०

संध्याकाळचं वाईट हे बरंचसं स्वयंपाकाचं, त्यांचं आणि शेजाऱ्यांचं. तेव्हा दार उघडं ठेवून पंखा बाहेरच्या दिशेने लावायचा. रात्री दोननंतर वास आला की दार लावा, असं मी एरवी सांगितलं असतं.

पण आधी एक सांगा, घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का?

कापूरकाडी | रविवार, रात्री ९:२४

त्यांच्या दिराला. दोन महिने तरी झाले. बारीकही झालाय म्हणत होत्या. त्यांना वाटतंय धुरानेच.

श्वासोच्छ्वास | रविवार, रात्री ९:३१

धुराने असेल किंवा टीबी असेल. तो बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि गोवंडीत टीबी आधी बघायचा. तिथल्या पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम ३ मीटरवर बांधल्यात, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि टीबीचे रुग्ण तिथे का जास्त यावर अभ्यासही झालेत. झोपडीत तर खिडकीच नाही.

त्यामुळे उत्तर उलटं. थुंकीची तपासणी होईपर्यंत दार उघडंच ठेवायला सांगा, धूर आला तरी. दिराला दाराजवळ झोपवा, मुलांना आत, डोकी विरुद्ध बाजूला. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उद्याच पाठवा, परवावर टाकू नका.

कापूरकाडी | रविवार, रात्री ९:३३

सकाळी साडेसातला येतात. आल्या आल्या सांगते.